खुंट आणि काडी

मराठीत 'कलम' या एकाच शब्दाचे किती अर्थ आहेत पाहा. लिहिण्याची लेखणी ती कलम. कायद्याच्या पुस्तकातला आकडा घातलेला परिच्छेद ते कलम. रायवळ आंब्याच्या रोपावर हापूसची काडी बसवून तयार केलेले झाड, तेही कलमच. आणि जुन्या काळी एखाद्याचे शिर धडावेगळे केले की ते 'कलम केले' असेच म्हणत. शब्द आपला नव्हे, अरबी-फारसीतून आलेला. पण त्याचे हे सारे अर्थ आपण इतके आपलेसे केले आहेत की ते एकमेकांचे सोयरे आहेत, हे सहसा ध्यानातच येत नाही. बोरू तासल्याशिवाय लिहीत नसे. कायद्याचे कलम म्हणजे माणसाच्या मनमानीला लावलेली कात्री. आंब्याचे कलम तर कापल्यावाचून होतच नाही. म्हणजे या सगळ्यांच्या मुळाशी एकच क्रिया आहे, कापण्याची. काही घडवायचे असेल तर आधी काही छाटले पाहिजे, असा एक कठोर सिद्धांत या तीन अक्षरांत दडून बसला आहे.

सिद्धांत मान्य करायला हरकत नाही. पण त्याच्या पाठोपाठ एक प्रश्न येतो आणि तो मात्र सहजासहजी पाठ सोडत नाही. दुसऱ्याच्या वाढीला आपल्या मनासारखे वळण देण्याचा, आणि त्यासाठी त्याच्या अंगावरचे काही कापून टाकण्याचा, हक्क आपल्याला कुणी दिला? हा प्रश्न मला एखाद्या तत्त्वज्ञानाच्या ग्रंथात भेटला असता, तर मी पान उलटून पुढे गेले असते. तो मला भेटला फळबागेच्या वर्गात, चिखलाने माखलेल्या हातांनी वहीत टिपण घेताना.

मी सिंधुदुर्गातल्या एका लहानशा गावातल्या बालवर्गाची शिक्षिका. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, म्हणजे आजच्या भाषेत दहावीचे. सवड मिळेल तशा कादंबऱ्या लिहिते. चाळिशी उलटल्यावर मी फळबागेच्या अभ्यासक्रमाला नाव घातले, तेव्हा घरच्यांना वाटले, ही नव्या कादंबरीची तयारी असावी. खरे कारण अगदी साधे होते. आंब्याच्या सावलीत जन्म काढला, आंब्यावर निबंध लिहून घेतले, आंब्याची चित्रे मुलांकडून रंगवून घेतली; पण आंब्याचे कलम बांधतात कसे, हे हाताला ठाऊक नव्हते. गावात सगळ्यांना येते ते आपल्याला येऊ नये, याची एक चुटपुट होती.

आणि अशा चुटपुटीला आता जागा आहे. वय, नोकरी, प्रपंच यांमुळे ज्यांचे शिकणे मध्येच थांबले, त्यांच्यासाठी १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ निघाले, आणि शेतीबागायतीचे अभ्यासक्रमही त्याने चालवले. अमेरिकेत अशा विद्यार्थ्यांसाठी गावोगावी सामुदायिक महाविद्यालये असतात. त्यांतले पहिले सार्वजनिक महाविद्यालय इलिनॉय राज्यातल्या जोलिएट गावी १९०१ साली सुरू झाले, आणि तिकडे कामकरी माणसे दिवसभराचे काम आटोपून संध्याकाळी बागकामापासून हिशेबापर्यंत सारे शिकायला जातात. देश वेगळे, पण त्यामागचा विश्वास एकच. माणसाच्या शिकण्याला हंगाम नसतो.

आमचा वर्ग रविवारी भरे. सकाळी बाकावर, दुपारी रोपवाटिकेत. एक निवृत्त एस. टी. कंडक्टर होते. पेन्शनीच्या पैशांतून घेतलेल्या वरकस जमिनीत काजू लावायचे त्यांच्या मनात होते. एक चोवीस वर्षांचा तरुण होता. त्याला मुंबईला जाऊन छायाचित्रे काढायची होती; पण वडिलांची बाग मोठी, म्हणून वडिलांनीच त्याचे नाव घातले होते आणि फीची पावतीही स्वतःच्या खिशात ठेवली होती. एक मुलगी रोपवाटिकेत रोजावर कामाला जात असे. हातांनी ती आमच्या सगळ्यांच्या पुढे आणि लिहिण्यात सगळ्यांच्या मागे. आणि एक साठीतले आजोबा होते. ते दुसऱ्यांच्या बागा राखण्यात म्हातारे झालेले. आयुष्यात त्यांनी हजारो कलमे बांधली असतील. पण स्वतःची रोपवाटिका काढायची तर परवाना लागतो, कर्ज लागते, आणि तिथे हाताला किंमत नसते, कागदाला असते. म्हणून ते कागदासाठी आले होते. वर्गात शिक्षक शिकवीत आणि रोपवाटिकेत हे आजोबा शिकवीत. शिक्षकही त्यांना 'अहो काका, हे जरा दाखवा' असे मोकळेपणाने म्हणत. बागायतीच्या विद्येचे हे एक सुख आहे. तिच्यात खोटी प्रतिष्ठा फार काळ टिकत नाही. काडी जगली की नाही, हे पंधरा-वीस दिवसांत सर्वांना दिसते.

आम्हांला प्रथम शिकवले ते कोयकलम. पावसाळ्याच्या सुरुवातीला रायवळ आंब्याच्या कोयी वाफ्यात रुजत घालायच्या. रोप दहा-पंधरा दिवसांचे झाले, अजून पाने तांबूस आहेत, तोच ते कोयीसकट हलक्या हाताने उपटायचे. त्याचा शेंडा छाटायचा आणि उरलेल्या खोडाला मधोमध चीर द्यायची. हा झाला खुंट. मग चांगल्या धरणाऱ्या हापूसची तीन-चार महिन्यांची काडी घ्यायची, तिचे टोक दोन्ही बाजूंनी तासून पाचर करायची आणि ती चिरेत बसवून प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायची. साल आणि लाकूड यांच्यामध्ये अंतर्साल नावाचा एक पातळ, जिवंत थर असतो. खुंटाचा हा थर आणि काडीचा हा थर एकमेकांना भिडले तर सांधा जुळतो. एका केसाचे अंतर राहिले तरी काडी वाळते.

एवढी खटपट कशासाठी? हापूसची कोयच का रुजवू नये? कारण हापूसच्या कोयीतून हापूस येत नाही. कोयीत आईचा वाटा असतो तसा कुठून तरी आलेल्या परागाचाही असतो. त्यातून उगवेल ते झाड स्वतःच्या मर्जीचे. फळ गोड निघेल, आंबट निघेल, नुसते रेषाळ निघेल, आणि तेही कळायला सात-आठ वर्षे थांबावे लागेल. हे ऐकले तेव्हा वर्गातल्या प्रत्येक आईबापाच्या चेहऱ्यावर एक ओळखीचे हसू उमटले. पोटचे पोर आपल्यासारखेच निघेल, या आशेवर ज्यांनी आयुष्य घालवले आहे, त्यांना आंब्याची ही वागणूक समजावून सांगावी लागत नाही.

यानंतर शिक्षकांनी एक वाक्य सांगितले आणि आम्ही ते मुकाट्याने उतरून घेतले. 'सांध्याच्या खाली खुंटाला येणारे फुटवे वेळोवेळी काढून टाकावेत.' मागून त्यांनी कारण सांगितले. खुंट जिवंत असतो. शेंडा छाटला म्हणून तो आपली जात विसरत नाही. संधी मिळाली की तो सांध्याच्या खालून स्वतःचा कोंभ वर काढतो. तो कोंभ जोमदार असतो, कारण मुळाशी त्याचे नाते सरळ असते. तो राहू दिला तर वरच्या काडीला रस मिळेनासा होतो आणि काही वर्षांनी पाहावे तर हापूस मेलेला आणि रायवळ उभा.

दुपारी मी आजोबांबरोबर वाफ्यातले फुटवे खुडत होते. गंमत म्हणून विचारले, 'काका, हे फुटवे एवढे वाईट का हो?' त्यांनी हातातला कोंभ क्षणभर उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, 'बाईनू, फुटवो काय वायट नसता. घर त्याचा. आमी त्याच्या टकलेर दुसऱ्याक बसवतंव.' मग तो कोंभ खाली टाकीत म्हणाले, 'कापूक व्हयो. पण गाळी घालूक नको.'

कापायला हवा, पण शिव्या घालायला नको. नीतिशास्त्राच्या एका मोठ्या प्रकरणाचे सार या एका वाक्यात आले आहे असे मला वाटते. आपण ज्याला कापतो त्याला वाईटही ठरवतो. कारण वाईट ठरवले की कापण्याचा सल राहत नाही. तण वाईट, फुटवा वाईट, हट्टी मूल वाईट. वस्तुतः तण म्हणजे आपल्याला नको असलेल्या जागी उगवलेली वनस्पती, इतकेच. दोष तिच्यात नसतो, आपल्या हेतूत आणि तिच्या जगण्यात मेळ नसतो. हेतू आपला आहे, हे एकदा मान्य केले की कापणाऱ्या हाताला जबाबदारी चिकटते.

आता बागेतून माझ्या वर्गात या. चार वर्षांचे मूल पहिल्या दिवशी शाळेत येते आणि म्हणते, 'बाई, माका पाणी व्हया.' बालवर्गाची शिक्षिका हसून पाणी देते आणि देता देता म्हणते, 'मला पाणी हवे, असे म्हणायचे हं.' दोन महिन्यांत मूल तसे म्हणू लागते. सगळ्या कोकणात, सगळ्या वऱ्हाडात, खानदेशात, जिथे जिथे घरची बोली एक आणि पुस्तकाची भाषा दुसरी आहे तिथे तिथे, रोज हे घडते. याला कुणी क्रौर्य म्हणत नाही, आणि ते क्रौर्य नव्हेही. पण सांध्याखालचे फुटवे खुडण्याचेच हे काम आहे, हे त्या रविवारनंतर मला दिसू लागले. आपण त्याला 'संस्कार' असे भारदस्त नाव दिले आहे. बागवान निदान हातात चाकू आहे हे लपवीत तरी नाही.

याच सुमारास एका मुलाचे वडील मला भेटायला आले. मुलगा बोलायला चुणचुणीत, पण अजून मालवणीत. वडील म्हणाले, 'बाई, आम्ही घरात मालवणी बंद केली आहे. तुम्हीही वर्गात एक शब्द चालवू नका.' मी म्हटले, 'अहो, एवढी घाई कशाला? येईल की त्याला.' त्यावर ते काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, 'मी मुंबईला अकरा वर्षे नोकरी केली. तोंड उघडले की लोक हसायचे. साहेब तर माझी नक्कल करून दाखवायचा. माझ्यावर हसले ते हसले. ह्याच्यावर कुणी हसता कामा नये.'

यावर काय उत्तर द्यावे? मुलांच्या नैसर्गिक वाढीविषयी सुंदर वाक्ये मलाही लिहिता येतात. पण हा माणूस हौसेपोटी बोलत नव्हता, भीतीपोटी बोलत होता, आणि त्याची भीती खोटी नव्हती. मुलांना मोकळे वाढू द्या, असे सांगणारी माणसे बहुधा ज्यांच्या मुलांना जगाने कधी हसलेले नसते, अशा घरांतली असतात. आणि मोकळे वाढू देणे म्हणजे तरी काय? रायवळाची कोय आपोआप रुजते खरी. पण गुरांच्या तोंडातून, उन्हाळ्याच्या तडाख्यातून, वणव्यातून वाचते ती हजारांतली एखादी. आपल्याला दिसतो तो वाचलेला एक भव्य वृक्ष, आणि आपण म्हणतो, पाहा, निसर्ग कसा समर्थ आहे! न वाचलेल्या कोयींची मोजदाद कुणी ठेवत नाही. तेव्हा कलमच करू नये, हे म्हणणे मला पटत नाही. मुलाला काहीच वळण न लावणे हेदेखील त्याच्यासाठी घेतलेला एक निर्णयच असतो, आणि पुष्कळदा तो आळसाचा निर्णय असतो.

पण काही दिवसांनी त्याच मुलाची आजी त्याला शाळेतून न्यायला आली. पूर्वी ती वाटेत त्याच्याशी अखंड बोलत जाई. त्या दिवशी दोघे मुकाट्याने चालले होते. मी सहज विचारले, 'आजी, आज गप्पशा?' ती म्हणाली, 'आता घरात मी उगी रवतंय, बाईनू. माझ्या बोलण्यान पोर बिघडात म्हणतत.' तक्रार नव्हती तिची. पोराचे भले होत असेल तर आपण गप्प राहावे, इतके साधे तिने मान्य केले होते. फुटवा स्वतः होऊन खुडला गेला होता.

इथे माझ्या मनात गाठ पडली. वडिलांची भीती खरी आणि आजीचे मौनही खरे. एकाला न्याय द्यावा तर दुसऱ्यावर अन्याय होतो. या गाठीतून वाट काढायला मला पुन्हा बागेचीच विद्या उपयोगी पडली, आणि ती खुंटाविषयीची होती.

आपण खुंटाला केवळ हमाल समजतो. वरच्या काडीचे ओझे वाहायचे, जमिनीतून पाणी ओढून द्यायचे. बाजारात फळ जाते ते काडीच्या नावाने. पेटीवर 'हापूस' असे लिहितात. ज्या रायवळाच्या मुळांवर तो पोसला त्याचे नाव पेटीवर कुणी लिहीत नाही. (कादंबरीवरही नाव माझेच असते, ज्यांच्या तोंडच्या गोष्टींवर ती वाढली त्यांचे नसते.) पण विज्ञान सांगते की हा हमाल फार मोठा मालक आहे. इंग्लंडमध्ये ईस्ट मॉलिंग येथे सफरचंदाच्या खुंटांवर संशोधन झाले. तिथला 'एम ९' नावाचा खुंट वापरला की वर कोणतीही जात असो, झाड ठेंगणे राहते आणि लवकर धरू लागते. म्हणजे झाडाने किती वाढावे, केव्हा फळावे, यात मुळांचाही शब्द असतो.

याहून मोठी कथा द्राक्षाची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फायलोक्सेरा नावाची मुळांना लागणारी एक बारीक कीड अमेरिकेतून फ्रान्समध्ये पोहोचली आणि पिढ्यान्‌पिढ्या जपलेले द्राक्षमळे तिने उभे वाळवले. औषधे झाली, उपाय झाले. शेवटी वाट सापडली ती अशी, की वर वेल युरोपची ठेवायची आणि मूळ मात्र अमेरिकेतल्या रानवेलींचे घ्यायचे. त्या रानवेली या किडीच्या शेजारीच वाढलेल्या. त्यांच्या मुळांना तिला तोंड देणे ठाऊक होते. आजही युरोपातले बहुतेक मळे अमेरिकन मुळांवर उभे आहेत. आपल्या नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षबागायतदारांनीही पाण्याची टंचाई आणि जमिनीतला क्षार यांना तोंड देण्यासाठी 'डॉगरिज' नावाचा खुंट स्वीकारला. तोही मूळचा टेक्सासमधल्या रानवेलीच्या कुळातला. संकट आले तेव्हा नावाजलेल्या जातीला वाचवले ते अनामिक रानटी मुळाने.

आणि मुळात नावाजलेली जात येते कुठून? हापूस हे नाव पोर्तुगीज सेनानी अफोन्सो द अल्बुकर्क याच्यावरून पडले असे मानतात, आणि गोव्यात पोर्तुगीजांच्या काळात आंब्यांची कलमे मोठ्या प्रमाणावर होऊ लागली. पण कलम करायला आधी एक झाड हवे ना? ते पहिले झाड कोयीतूनच उगवले असणार. म्हणजे हापूससुद्धा एके काळी रायवळच होता. कुणाच्या तरी परसात तो आपल्या मर्जीने वाढला, आणि तो तोडून टाकायच्या आत कुणी तरी त्याचे फळ चाखून पाहिले. पुढे वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्रात नीलम आणि हापूस यांच्या संकरातून 'रत्ना' तयार झाला आणि १९८१ साली तो बागायतदारांच्या हाती आला. तिथेही शेवटी कोयच रुजवावी लागली आणि ती काय देते याची वर्षानुवर्षे वाट पाहावी लागली. कलम आपल्याला ठाऊक असलेले चांगले जपते. ठाऊक नसलेले चांगले मात्र कोयीतूनच येते. ज्या बागेत केवळ कलमेच आहेत, तिला भूतकाळ आहे, भविष्य नाही.

सगळे एकसारखे असण्यात धोकाही असतो. 'ग्रो मिशेल' नावाची केळी एके काळी जगाच्या बाजारात सर्वत्र होती. तिचे प्रत्येक झाड दुसऱ्याची हुबेहूब प्रत. पनामा रोग आला, आणि एक झाड ज्याला बळी पडले त्याला सगळीच पडली. विसाव्या शतकाच्या मध्यास व्यापाऱ्यांना ती सोडून 'कॅव्हेंडिश' गटाची केळी धरावी लागली, आणि आता त्याच रोगाचा नवा प्रकार कॅव्हेंडिशच्याही मागे लागला आहे. सगळ्या मुलांनी एकाच सुरात, एकाच शब्दांत बोलावे, एकाच परीक्षेत एकाच वर्षी फळावे, असा हट्ट धरणाऱ्या समाजाने हा इतिहास एकदा वाचून पाहावा.

परीक्षेवरून आठवले. हापूस मुळात वर्षाआड धरणारा. दरवर्षी मोहोर यावा म्हणून बागांतून 'कल्टार' नावाचे द्रव्य झाडाच्या मुळाशी घालतात. ते पालवीची वाढ आवरून झाडाला मोहोराकडे वळवते. बेताने वापरले आणि खतपाणी राखले तर त्याचा उपयोग होतो. लोभाने वापरत गेले तर झाड थकते. आमचे शिक्षक म्हणाले, 'फळ घ्यायचे तर झाडाला परत काही तरी द्यायची तयारी ठेवा.' शिकवणीच्या वर्गांच्या पाट्या वाचताना मला हे वाक्य आठवते.

तेव्हा मी मुलाच्या वडिलांना बोलावून घेतले. म्हटले, 'वर्गात मी त्याला पुस्तकाची भाषा शिकवीन आणि चांगली शिकवीन. जगात त्याच्यावर कुणी हसू नये ही जबाबदारी माझी. पण घरात आजीचे तोंड बांधू नका. झाडाला एकच शेंडा ठेवावा लागतो, कारण त्याला रस मोजका असतो. मूल झाड नव्हे. त्याला दोन भाषा सहज पेलतात, तीनही पेलतात. आजीशी तो मालवणीत बोलला म्हणून त्याचे पुस्तक वाळणार नाही. उलट ज्या मुळातून त्याला बोलण्याची हौस आली, तेच तोडले तर वरची भाषाही पोपटाची होईल.' ते ऐकून घेऊन म्हणाले, 'बघतो.' आमच्याकडे 'बघतो' म्हणजे होकार नव्हे आणि नकारही नव्हे. पण पूर्वी त्यांचा ठाम नकार होता, एवढे माझ्यापुरते पुरे आहे.

बागेची उपमा कुठे थांबवावी हे कळणे, हेही बागेच्या शिक्षणाचाच भाग आहे. झाड काडीला नाही म्हणू शकत नाही. मूल म्हणू शकते, आणि त्याने तसे म्हणणे हा फुटवा नव्हे, ती त्याची वाचा आहे. पण एका ठिकाणी बाग आणि घर यांचा नियम अगदी एक आहे, आणि माझ्या मूळ प्रश्नाचे जेवढे उत्तर मला सापडले ते तिथेच सापडले.

कलम बांधताना पट्टी घट्ट हवी. सैल राहिली तर सांध्यात हवा शिरते, पाणी शिरते, काडी वाळते. सुरुवातीला ती पट्टी म्हणजे प्राण. पण सांधा जुळला, काडीला पालवी आली, खोड जाड होऊ लागले की तीच पट्टी सोडावी लागते. विसरलात तर ती खोडात रुतते. वरून झाड हिरवे दिसते. पण सांध्यापाशी त्याला फास बसलेला असतो, आणि पुढे एखाद्या वादळात ते नेमके तिथेच मोडते. बांधणे कुणालाही येते. कोणत्या दिवशी सोडायचे, हे ज्याला कळते तो बागवान.

दुसऱ्याच्या वाढीला वळण लावण्याचा हक्क माणसाला आहे का? मला वाटते, निव्वळ हक्क असा नाहीच. ते एक उसने घेतलेले काम आहे आणि त्याच्या तीन अटी आहेत. ज्यावर कलम करायचे तो खुंट कोणता, हे आधी ओळखावे आणि त्याचा मान राखावा. जे कापावे लागेल ते कापावे, पण त्याला वाईट म्हणू नये. आणि बांधतानाच सोडण्याचा दिवस मनाशी धरावा. आईबाप, शिक्षक, पुढारी, लेखक, सगळ्यांनाच या अटी लागू आहेत. पहिल्या दोन पाळणारे पुष्कळ भेटतात. तिसरीपाशी मात्र आपल्यापैकी भल्याभल्यांचे हात थबकतात. कारण पट्टी सोडल्यावर झाड आपल्यावाचून उभे राहते, आणि हे पाहायला मोठे काळीज लागते. आमच्या वर्गातल्या त्या चोवीस वर्षांच्या तरुणाने कोयकलमात पहिला नंबर मिळवला. त्याच्या हातात कला आहे. पण त्याच्या फीची पावती अजून वडिलांच्या खिशात आहे.

पावसाळ्यात बांधलेल्या कलमांच्या पट्ट्या सोडण्याचे दिवस आमच्याकडे दिवाळीच्या आगेमागेच येतात. याच दिवसांत मुंबई-पुण्याहून मुले-नातवंडे घरी येतात. ओसरीवर आजी बसलेली असते, आणि नातवंडाने कोणत्या भाषेत काय बोलावे याचा पहारा कुणी ना कुणी करीत असते. फराळाचे ताट पुढे आले की या चार दिवसांपुरता तरी तो पहारा उठवून पाहा. मूल बिघडत नाही. आणि बागेत एखादे कलम लावलेले असेल, तर उजेड आहे तोवर खाली वाकून त्याचा सांधा बघा. पट्टी रुतली नाही ना?